तिसऱ्या सिलिंडरची कॉइल

बायकोच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, त्याच दिवशी तिच्या छातीत धडधडायला लागलं. कानसेनने या दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही. तो मेकॅनिक होता, मांत्रिक नव्हता. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो म्हणून थोरल्या भावाने त्याला हे नाव ठेवलं होतं. हा धंदाही दादानेच हात धरून शिकवलेला.

स्कॅनर सांगत होता, तिसरा सिलिंडर मिसफायर, ठोका चुकवतोय. त्याने प्लग बदलला, इंजेक्टर बदलला, वायरिंग तपासून डोळे फोडून घेतले. स्कॅनरवरचा दोषाचा कोड पुसला की गाडी गल्लीच्या टोकापर्यंत शहाण्यासारखी चालायची, पुढे पुन्हा तेच रडगाणं. घरी बायको आता भिंतीला धरून चालत होती. डॉक्टरांना काही सापडेना. एकदा तिच्या पाठीला त्याने कान लावला. एक, दोन, मग काहीच नाही, चार. गॅरेजमध्ये दिवसभर तो हेच ऐकत होता.

उरली होती कॉइल, प्लगला ठिणगी पुरवणारी. संशय असलेली कॉइल चांगल्या गाडीत बसवायची. दोष तिच्यामागून गेला तर तीच खराब. ही दादाचीच शिकवण, म्हणून दादा स्वतःची गाडी घेऊन आला.

"घाल हिच्यात. बघू काय म्हणते."

कानसेनने दोन्ही गाड्यांच्या कॉइलची अदलाबदल केली. दादा स्टिअरिंगवर बसून ॲक्सिलरेटर दाबत त्याची खेचत होता.

"कानसेन, कान पिकले की काय तुझे? एवढ्याशा दोषाला इतके—"

वाक्य तिथेच तुटलं. दादाने छाती दाबून धरली. ओठ पांढरे पडले.

"काही नाही रे. जरा धस्स झालं."

दादाच्या गाडीचं इंजिन मात्र लोण्यासारखं चालत होतं. स्कॅनरवर एकही कोड नव्हता.

फोन वाजला. बायको.

"अहो, छाती मोकळी झाली! एकदम! तिकडेच येते मी, चालत!"

ती हसत होती. हे हसणं पुन्हा ऐकायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

ती कॉइल परत काढायला एकच बोल्ट होता. पाना हातातच होता.

"झालं का रे?" दादाने कसंबसं विचारलं.

"झालं," तो म्हणाला आणि त्याने बॉनेट लावलं.

आत जाऊन तो हात धुऊ लागला. दादाचं वय झालंच आहे, त्याने मनाशी म्हटलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी तो साबण चोळत राहिला.

बाहेर बायकोचा आवाज आला. "अगं बाई, दादा, घामाघूम झालात की! सरका पलीकडे. डॉक्टरांकडे मी नेते तुम्हाला."

दार लागलं.

तो ओल्या हातांनी धावत बाहेर आला. दादाची गाडी फाटकातून वळत होती.

"उतर! अगं, उतर खाली!"

काचा वर होत्या. तिने स्टिअरिंगवरून एक हात उचलून त्याला टाटा केला.

तिच्या शेजारी दादा ताठ बसला होता. त्याच्या गालांवर रंग परतला होता.