मुद्दाम सोडलेला तुकडा

“हा जर्मनचा वर्ग ना?”

“नाही, एस्पेरांतोचा. जर्मन वरच्या मजल्यावर.”

“हे कुठल्या देशात बोलतात?”

“कुठल्याच नाही. सगळ्यांना सारखीच परकी वाटावी म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा आहे.”

दारातल्या मुलाने छत्री मिटली, जराशी झटकली… आणि वर न जाता माझ्या शेजारी येऊन बसला.

“मग बरंय. इथे सगळेच पाहुणे.”

त्याचं नाव शहेजाद. मी मैत्री.

एक तुकडा

सान म्हणजे निरोगी. आधी माल लावला की उलट — आजारी. मागे उल लावला की तसा माणूस. त्याच्या मागे एय, की त्या माणसाची जागा. शेवटी ओ, म्हणजे हे नाम आहे.

माल्सानुलेयो. दवाखाना.

“शब्द आहे की मालगाडी?” शहेजाद कुजबुजला.

“एकेक डबा जोड. घाबरू नकोस.”

तो जोडायचा… पण उलटे. त्याच्या दवाखान्यात माणसांऐवजी जागाच आजारी पडायची. मी त्याच्या वहीत बाण काढून डबे सरकवायचे, आणि तो वही सोडून दुसरीकडेच बघत असायचा.

“तुम्ही दोघं,” शिकवणाऱ्या चंद्रभागाबाई म्हणायच्या, “गप्पा मारायच्याच असतील तर एस्पेरांतोत मारा. म्हणजे लवकर संपतील.”

बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं.

हा तुकडा छोटा आहे

शनिवारची दुपार. आमचं एवढंच होतं. तो वाघोलीला, मी खडकवासल्याला — मध्ये अख्खं शहर.

परीक्षा

पास होणारे रविवारच्या वर्गात जाणार. नापास होणारे पुन्हा शनिवारी, पहिल्यापासून.

शहेजाद नापास होणार याची मला खात्री होती. आणि मी पास.

मी पेपर दोनदा वाचला. सगळं येत होतं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, पलीकडच्या बाकावर तो पेन चावत बसला होता.

दवाखान्यातला माल मी सोडून दिला. मग पुढच्या शब्दातला एय. मग… हात सुटलाच.

निकाल

“मैत्री,” चंद्रभागाबाई म्हणाल्या, “तुमच्या दवाखान्यात सगळे ठणठणीत आहेत. अभिनंदन. तुम्ही शनिवारीच या.”

मी मान खाली घातली. आता त्याचं नाव —

“शहेजाद. पैकीच्या पैकी. रविवार.”

जिना

“एवढं सोपं चुकलीस?”

“चुकले.”

“मैत्री.”

“…मुद्दाम चुकले. वाटलं, तू राहशील इथे, मी जाईन तिथे. मग…”

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

“म्हणजे मी ढ आहे, हे धरूनच चालली होतीस.”

“तसं नाही रे —”

“तसंच आहे. महिनाभर बसमध्ये शब्द जोडत होतो मी. मोठ्याने. शेजारची माणसं उठून दुसरीकडे बसायची.”

“माझ्यासाठी?”

“नाही. कंडक्टरसाठी.”

उत्तर अस्सल पुणेरी होतं, पण आवाज दुखावलेला. तो दोन पायऱ्या उतरला. आणखी दोन.

“शहेजाद, थांब. चुकलं माझं. हे मुद्दाम नाही, खरंच चुकलं. परस्पर ठरवायच्या ऐवजी तुला विचारायला हवं होतं.”

“काय विचारायला हवं होतं?”

“शनिवारी, रविवारी… कुठल्याही वारी… मला भेटशील का?”

“वर्गाशिवाय?”

“वर्गाशिवाय. मला तू आवडतोस.”

खालून कोणाची तरी स्कूटर चालू होता होता बंद पडली. परत चालू झाली.

मग त्याने खिशातून फोन काढला.

“अम्मी, आज देर होगी… नहीं, क्लास तो हो गई… चाय पीने… हां, हां, वही. मैत्री.”

फोन खिशात गेला.

“वही?” मी विचारलं.

शहेजादने समोरच्या भिंतीवरची, गेल्या वर्षीची जर्मनच्या वर्गाची जाहिरात फार मन लावून वाचायला घेतली. त्याचे कान लाल झाले होते.