दारापर्यंतचा बर्फ

ताईला कायमचं आमच्याकडे घेऊन यायचं, एवढ्यासाठीच मी त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी कानाझावाला गेलो होतो.

माझी ताई, इकुए, ऐंशी ओलांडलेली. भावजी गेल्यापासून ती त्या घरात एकटीच राहत होती. आदल्या हिवाळ्यात फाटकापाशी ती बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून तिथेच पडून राहिली. शेजारच्या फुजिएबाईंनी खिडकीतून पाहिलं, म्हणून वाचली. पण ऑक्टोबरात फुजिएबाईही वारल्या. त्यांचं घर बंद पडलं. आता ताई पुन्हा पडली असती, तर बघायला कुणी नव्हतं.

मी हामामात्सुचा. सगळी नोकरी तिथल्या प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. आमच्याकडे वारा भरपूर, बर्फ मात्र नाही. त्यामुळे बर्फातले रीतिरिवाज मला पुस्तकातून जेवढे कळतात तेवढेच माहीत होते.

गेल्या गेल्या विषय काढला, तर ताई म्हणाली, "आधी जेव. मग भांडू."

रात्रभर बर्फ पडला. तिथला बर्फ ओला आणि जड. सकाळी ताईने भावजींचे जुने रबरी बूट माझ्यापुढे ठेवले. उजव्या बुटाच्या टोकावर सायकलच्या ट्यूबचं निळं ठिगळ होतं. तिने ते रॉकेलच्या स्टोव्हजवळ ठेवून ऊबदार केले होते. लहानपणी माझे मोजे ठेवायची तसेच.

मी फावडं घेऊन आमच्या दारापुढचा बर्फ काढला. गल्लीतून शाळेत जाणारी मुलं एका ओळीत येत होती, पिवळ्या टोप्या घातलेली. फुजिएबाईंच्या घरापुढे ढीग साचल्यामुळे त्यांना रस्त्यावर उतरावं लागत होतं, आणि रस्त्याच्या मधोमध बर्फ वितळवणाऱ्या तोट्यांचं पाणी उडत होतं. मी पुढे होऊन तेवढाही भाग साफ केला. मग हात तापले होते, म्हणून रस्त्यापासून त्या बंद दारापर्यंतची वाटही मोकळी केली. फळ्यावरची ओळ अर्धी सोडायची मला सवय नाही.

ताई चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

"तिच्या दारापर्यंत काढलास?"

"मुलांना रस्त्यावर उतरावं लागत होतं."

"मुलं काय तिच्या दारातून आत जातात?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "हद्दीपलीकडे एक फावडंभर काढायचं असतं, नोबु. तेवढं शेजाऱ्याला सहज घेता येतं. जास्त केलंस, की त्याला परत करावं लागतं."

"ताई, बाई गेल्या त्याला चार महिने झाले."

"ती कुणाचं ठेवून घेणारी नव्हती," ताई म्हणाली आणि कप माझ्या हातात देऊन आत गेली.

त्या रात्री पुन्हा बर्फ पडला. सकाळी दार उघडलं, तर रस्त्यापासून आमच्या पायरीपर्यंत वाट स्वच्छ होती. दोन्ही बाजूंना काढलेला बर्फ नीट रचून फावड्याच्या पाठीने थापलेला, भिंत लिंपल्यासारखा गुळगुळीत.

मला वाटलं, समोरच्या एगावांचं काम. ते तातामीच्या चटया विणायचे. हामामात्सुहून आणलेल्या संत्र्यांपैकी काही पिशवीत घालून मी त्यांचे आभार मानायला गेलो.

"मास्तर, माझ्या कंबरेकडे बघून बोला," एगावा म्हणाले. "मी स्वतःच्या दारातला बर्फ काढत नाही. सून रोज उद्धार करते माझा."

मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हातात घेतलेली पिशवी त्यांनी परत माझ्यापुढे धरली.

"ही मी नाही घेत. मी काही केलेलं नाही."

"राहू द्या हो. नुसती संत्री आहेत."

"नको, मास्तर."

एवढ्यात मुलांची ओळ आली. सगळ्यांत पुढच्या मुलीने हातमोजा काढला आणि जाता जाता थापलेल्या भिंतीवरून बोटं फिरवली. मागच्या सगळ्यांनीही तसंच केलं.

मुलांना प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवत नाही. "काय रे, ही भिंत इतकी गुळगुळीत कशी झाली असेल?"

"ही फुजिएआजींची भिंत आहे," ती मुलगी म्हणाली. "बाकी कुणी थापत नाही."

तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. मुलं वळणावरून दिसेनाशी झाली. एगावांनी दार हळूच लावून घेतलं.

मी ताईला काही बोललो नाही. शिकवताना मी नेहमी सांगत आलो की आधी पाहावं, मग नाव द्यावं. पुन्हा बर्फ पडायची वाट पाहिली. पडला, तेव्हा उजाडायच्या आधी उठून दाराच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेर बर्फाची शांतता होती. आवाज ऐकू येत नाहीत असं नाही, ते कापसात गुंडाळल्यासारखे येतात.

मग दगडावर फावडं घासल्याचा आवाज आला. सावकाश. एक घाव, थोडी विश्रांती, पुन्हा घाव. म्हाताऱ्या माणसाचं काम.

आवाज पायरीशी आला.

मी दार सरकवलं.

वाट पूर्ण झालेली होती. बर्फ अजून पडतच होता, पण खालचा दगड काळा, ओला, आणि त्यावर एक कणही नव्हता. पावलं नव्हती. शेजारच्या बंद दाराला कमरेइतका बर्फ टेकला होता आणि त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

मागून ताई म्हणाली, "दार लाव. गारठा आत येतोय."

न्याहारीला तिने सूप संपवून वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "चल. मी येते तुझ्याबरोबर."

"खरंच?"

"तू इथे फार दिवस राहू नयेस."

तिला न्यायला आलेला मी, तिचा होकार मिळाला याच आनंदात होतो. तो होकार तिने कुणासाठी दिला, हे मी विचारलं नाही.

नंतर ऊन पडायला लागलं. बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून बागेतल्या पाइनच्या फांद्या तोलून धरणारे दोर माळ्यांनी सोडले. गल्लीतला बर्फ वितळून गटाराला लागला. निघायच्या दिवशी ताईने मला फुजिएबाईंच्या दारापुढे उभं केलं.

"तिने दोनदा केलं. तुझं एकदा बाकी राहिलं. काढायला बर्फ नाही, निदान बोल तरी."

मी वर्गात बोलायचो तशा सुरात बंद दाराला म्हणालो, "पुढच्या वेळी माझी पाळी."

"असं नव्हतं म्हणायचं," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "माफ करा म्हणायचं होतं."

भावजींचे बूट मी पुसून आतल्या कपाटात ठेवले, घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच खिशात टाकली.

हामामात्सुत ताई रमली. पडवीत बसून उन्हात शेंगा सोलायची, माझ्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. मी रोज सकाळी पिवळा झेंडा घेऊन मुलांना शाळेपुढचा रस्ता पार करून द्यायला जायचो. समोरच्या साकुराला बहर आला. एप्रिलच्या सुरुवातीला रात्रभर पाऊस लागला आणि सगळा बहर खाली आला.

सकाळी मी दार उघडलं.

गल्लीभर भिजलेल्या पाकळ्यांचा जाड पांढरा थर होता. छपरांवर, गाड्यांवर, कुंपणांवर. फक्त रस्त्यापासून आमच्या पायरीपर्यंत फावड्याच्या रुंदीची वाट मोकळी होती. दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या रचून थापलेल्या. गुळगुळीत.

आमच्या गल्लीत कुणाकडेही तसलं फावडं नाही.

ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने बाहेर पाहिलं, पण उंबऱ्यापुढे पाऊल टाकलं नाही.

"माझ्या दाराशी ती नेहमी एक फावडंभरच यायची," ती हळूच म्हणाली.

"झाडूवाले येऊन गेले असतील," मी म्हणालो.

मी जोडे घालायला खाली पाहिलं. माझे जोडे भिंतीकडे सरकवलेले होते. त्यांच्या जागी, बाहेर तोंड करून, रबरी बुटांची जोडी ठेवली होती. उजव्या बुटाच्या टोकावर निळं ठिगळ.

मी वाकून आत हात घातला.

ते ऊबदार होते.