धीरांश

कुटुंबकर संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत वृषाली दाणीने स्वतःच्याच घराची करगणना पडद्यावर उघडली. मुलांमागच्या सवलतीत तिच्या नवऱ्याचा, हेमंतचा, वाटा एक्क्याण्णव टक्के होता. तिचा नऊ.

"यंत्र बिघडलंय," ती शेजारी बसलेल्या डॉ. रफिया काझींना म्हणाली.

"यंत्र तुझं, सूत्र माझं. दोन्ही धडधाकट आहेत," रफियांनी चष्मा पुसत म्हटलं.

मुलांमागची सवलत कोणाच्या नावावर लावायची यावरून पूर्वी घरोघरी वाद होत, खोटे दावे होत. म्हणून सरकारने मोजमापच आणलं. मुलांच्या मनगटावर वृषालीने बनवलेली भावमापक पट्टी आली. नाडी, घाम आणि त्वचेचं तापमान यांवरून ती मुलाची घालमेल टिपायची. ती घालमेल आईच्या किंवा बापाच्या सहवासात जितकी उतरेल, तितका त्या माणसाचा 'धीरांश'. जितका धीरांश, तितकी सवलत.

"माझी मिळकत हेमंतच्या तिप्पट आहे. माझ्या नावावर सवलत आली असती तर कर केवढा वाचला असता," वृषाली म्हणाली.

"तुला कराचं वाईट वाटतंय?"

वृषालीने पडदा मिटला.

त्या संध्याकाळी चार वर्षांचा निनाद बाहेरच्या खोलीत पडला. वृषाली दोन पावलांवर होती. तो तिला वळसा घालून स्वयंपाकघरात हेमंतकडे गेला. सात वर्षांची इरासुद्धा शाळेतलं भांडण सांगायला बाबाच्याच मांडीवर. हेमंत एका हाताने कणीक मळत "अरे, अरे" एवढंच म्हणत होता आणि मुलं शांत होत होती. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या वृषालीला त्या "अरे, अरे"चा राग आला. हा माणूस काही विशेष करत नव्हता, तरी सगळं त्याच्याच पदरात पडत होतं.

"पुढचं वर्ष मी घरी राहते," जेवताना ती म्हणाली. "तू तुझं आर्किटेक्टचं काम पुन्हा पूर्णवेळ सुरू कर. किती दिवस अडकून पडशील?"

हेमंतला ती माया वाटली. तो खूश झाला. वृषालीने त्याचा गैरसमज दूर केला नाही.

वर्षभर तिने मुलांना न्हाऊमाखू घातलं, गोष्टी सांगितल्या, इराबरोबर पतंग बनवले. हेमंत सकाळी साइटवर जायचा तो दिवेलागणीला परतायचा. नव्या वर्षाची गणना आली, तेव्हा आकडे उलटे झाले असणार याची तिला खात्री होती.

दोघांचेही धीरांश शून्याच्या आसपास होते. सवलत जवळजवळ गेली होती आणि कर भरमसाट वाढला होता.

ती तडक रफियांकडे गेली. त्यांनी दोन्ही वर्षांचे आलेख शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"सूत्र काय मोजतं? घालमेल किती उतरली ते," त्या म्हणाल्या. "उतरायला आधी ती चढावी लागते. हे मागचं वर्ष. रोज सकाळी तू दाराबाहेर पडलीस की दोघांच्याही रेषा चढतात. मग दिवसभर हेमंत त्या उतरवत बसतो. एक्क्याण्णव टक्के त्याचे आहेत, पण जिच्यामुळे ते मिळाले ती ओढ तुझी होती. यंदा तू घरात. रेषा चढलीच नाही, मग उतरणार काय?"

वृषालीच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. वर्षभर जे खुपत होतं ते क्षणात निघालं.

घरी तिने हेमंतला सगळं सांगितलं. कर वाढल्याचं आधी, मग कारण. आवाज सपाट ठेवायचा तिने प्रयत्न केला. हेमंत ताटावरून उठला नाही, पण त्याचा हात थांबला.

"यंदा रोज सकाळी मी बाहेर पडत होतो," तो म्हणाला. "तेव्हा रेषा चढली?"

"तेवढं बारीक नाही कळत."

"तूच बनवलंयस ना ते यंत्र?"

हेमंतने भात कालवला, पण खाल्ला नाही. समोर निनाद तिच्या दंडाला टेकून पेंगत होता. हेमंत त्याच्याकडे पाहत होता आणि ती नजर वृषालीने लगेच ओळखली. वर्षभरापूर्वी स्वयंपाकघराच्या दारात ती स्वतः तशीच उभी होती.

"सोमवारपासून तू प्रयोगशाळेत जायला लाग," तो म्हणाला. "मी घरी थांबतो."

"आणि तुझं काम?"

"कर किती वाढलाय बघ ना. परवडायचं नाही."

कर परवडत होता. दोघांनाही ते माहीत होतं. पण आपण वर्षभरापूर्वी काय केलं हे आठवून तिला नाही म्हणता येईना.

सोमवारी तिने चपला घातल्या तशी निनादने रडायला सुरुवात केली. हेमंत आधीच दारात उभा होता. त्याने मुलाला अलगद उचललं आणि दार लावून घेतलं. वृषाली जिन्यात थबकली. दाराआडून "अरे, अरे" ऐकू आलं, आणि मग निनादचं रडं हळूहळू थांबलं.

किती लवकर थांबलं, या विचाराने जिना उतरताना तिचा जीव जळत होता.