दाब म्हटलं की

गाडीत कुणी नव्हतं, तरी ती कुरकुरली. एकदाच. उभ्या गाडीनं कसं कुरकुरावं?

मी दचकले. दादा हसला. "पाल चुकचुकली तरी तुझा जीव जातो. स्प्रिंगचे पाटे आहेत गं ते. बसत असतील."

ही जुनी जीप त्यानं हौसेनं उंच करून घेतली होती. तेव्हापासून ही कुरकुर मागे लागलेली. ती नेमकी कुठल्या सांध्यातून येते हे शोधायला दोघं लागतात. एकानं वर सीटवर बसून गाडी दाबायची. दुसऱ्यानं खाली शिरून, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून, एकेक सांधा ऐकायचा.

"मी 'दाब' म्हणेन," दादानं बजावलं. "तू आधी 'दाबते' म्हण, मगच दाब. मुकाट्यानं हललीस तर माझी बोटं जातील, नि जन्मभर मला घास भरवत बसशील."

"दाब."

"दाबते."

कुर्र्...

"पुढचा नाही. मागचा बघतो. चिमणे, ग्रीस आण जरा."

मी उतरले. गॅरेजमागच्या खोलीत भरदुपारीही अंधारच. जळक्या तेलाचा, कुजक्या रबराचा वास. टायरांमागे हात घालून मी डबा चाचपत होते, तेवढ्यात, मी परत येऊन बसले असं वाटून की काय, बाहेरून दादा म्हणाला, "दाब."

अरे, मी इथं आहे... म्हणायला तोंड उघडलं, त्याआधीच उत्तर गेलं.

"दाबते."

आवाज माझा होता.

कुर्र्...

"बास. चिमणे, बास म्हटलं ना! हात अडकलाय..."

"दाबते."

डबा तिथंच टाकून मी धावले. सीट रिकामी. दार मी उघडं ठेवलं होतं, तसंच. पण जीप खाली बसली होती, आत माणसं खच्चून भरल्यासारखी. मघाशी जिच्याखाली दादा सहज सरकला होता, तिच्याखालून आता त्याच्या बुटाचं फक्त टोक दिसत होतं. हलत नव्हतं.

मी गुडघ्यांवर बसले. मडगार्डला खांदा लावला. तसूभरही उचललं जाईना. मग पालथी पडून हात आत घातला, बूट धरला.

"दादा! ओ दे ना... दादा!"

कुरकुरसुद्धा थांबली होती.

"दादा..."

शेवटी ओ आली. खालून नाही. माझ्या डोक्यावरून, सीटवरून. आवाज दादाचाच होता.

"हो गं, चिमणे... दाबते."