वळसा घालणारी होडी

पडद्यावर ती होडी पुन्हा उगवली, तेव्हा श्यामसुंदर डबा अर्धा टाकून उठले आणि त्यांनी नंदिनीला फोन लावला. ती शेजारच्याच गाळ्यात कामाला आली होती. पडद्यावर होडी फिरत होती तोवरच ती येऊन पोचली.

नवी मुंबईत, पावण्यातल्या त्यांच्या छोट्या कारखान्यात जहाज चालवायला शिकवणारा सिम्युलेटर तयार होत होता. खरा जीपीएस, खरा खोलीमापक आणि संगणकातला खोटा समुद्र, सगळं एकाच केबलवर. केबलवर जो जीपीएस बोलेल, त्याची होडी पडद्यावर दिसायची. असायला हवं होतं एकच जहाज. पण जेवणाच्या सुट्टीत पडद्यावरच्या खाडीत दुसरीच होडी हिंडायला लागायची. उद्या गिऱ्हाईक बघायला येणार होतं. वायरींची जोडणी कामगार धनाजीची, म्हणून श्यामसुंदरांनी त्याला संध्याकाळी कामावरून काढायचं ठरवून टाकलं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

नंदिनी बोटींवरची उपकरणं दुरुस्त करत एकटीच हिंडायची. माणसांपेक्षा बिघडलेली यंत्रं बरी, निदान खोटं बोलत नाहीत, असं तिचं मत.

तिने आधी संगणकाची वायर काढली. खोटा समुद्र गेला, पण केबलवरचे आकडे दाखवणाऱ्या बाजूच्या छोट्या मॉनिटरवर होडीचे आकडे सरकतच राहिले. म्हणजे केबलवर कुणीतरी जादाचं यंत्र जोडलं होतं. श्यामसुंदरांनी धनाजीकडे असं पाहिलं, की तो बिचारा आणखीच आक्रसला. साताऱ्याचा माणूस, तुर्भ्यात खोली घेऊन एकटा राहणारा. त्याच्या बाजूने बोलणारं इथे कुणी नव्हतं.

संगणक पुन्हा जोडला. होडी वाशीच्या पुलाखालून सरळ आली, मोकळ्या पाण्यात तिने एकदम मोठा वळसा घातला आणि परत सरळ झाली. नकाशात तिथे काहीच नव्हतं.

"हा वळसा कशाला?" नंदिनीने धनाजीला विचारलं.

"खडक असंल, मॅडम."

"खडक नाही. पाणी खोल आहे."

"मग मला न्हाई सांगता यायचं."

तोच प्रश्न तिने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या रुतिकाला विचारला. रुतिकाची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

"जाळी बांधायचे खुंट हायत ना तिथं. होडी अडकंल."

बोलली आणि तिने जीभ चावली.

नंदिनी टेबलाखाली वाकली. केबलचा माग काढत रुतिकाच्या खालच्या खणापर्यंत गेली. खणात खाऱ्या हवेने पांढरा पडलेला एक जुना जीपीएस प्लॉटर चालू होता.

"धनाजीला वळशाचं कारण ठाऊक नाही," ती श्यामसुंदरांना म्हणाली. "नकाशालाही नाही. ते खुंट फक्त तिथे मासे धरणाऱ्या घराला माहीत असतात. हा प्लॉटर खऱ्या होडीवरचा आहे. त्यात साठलेली वाट तो पुन्हा चालून दाखवतो, आणि सॉफ्टवेअरला वाटतं, होडी आली. कुणाचा गं हा?"

"बाबांचा. ते गेले, होडी पन विकली. घरी आता कुनीच नाय. सुट्टीत लावायची मी. तेवढेच बाबा परत येताना दिसायचे."

"आणि धनाजीची नोकरी जात होती ती?" नंदिनीने विचारलं.

"सांगितलं असतं तर साहेबांनी हा काढायला लावला असता."

नंदिनीला राग यायला हवा होता. तिला फक्त फार वाईट वाटलं.

श्यामसुंदरांनी धनाजीची माफी मागितली, मग रुतिकाकडे वळून कोरडेपणाने म्हणाले, "काढ ते."

रुतिका वाकली. तिचा हात वायरीपर्यंत पोचायच्या आत धनाजी मध्ये आला.

"थांबा साहेब. धक्क्याला लागू द्या त्यांना."

चौघंही पडद्यासमोर उभे राहिले. होडी सावकाश किनाऱ्याला लागली, थांबली. मग रुतिकाने स्वतःच वायर काढली.