लाकडावरचा दगड

१९५८ सालची गोष्ट. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या एका लहानशा मच्छीमार गावात, वादळ ओसरलं की बायका किनाऱ्यावर वेचायला जात. शिंपले, शंख, पाण्यानं गुळगुळीत केलेली लाकडं... घरं त्यानंच सजत. जड लाकूड लगेच नेता आलं नाही, तर त्यावर एक दगड ठेवायचा. दगड ठेवला की ते तुमचं. मग महिनाभर पडून राहिलं तरी कुणी हात लावत नसे.

एफीनं हरणाच्या शिंगासारख्या एका लाकडावर दगड ठेवला आणि ती दोर आणायला घरी गेली. परत येते तो – एक परका तरुण ते खांद्यावर टाकून निघालेला!

“अहो! ठेवा ते खाली. माझं आहे.”

“नाव कुठं लिहिलंय?”

“दगड होता ना त्याच्यावर!”

त्यानं किनाऱ्यावर नजर फिरवली. “इथं दगडाशिवाय दुसरं आहे काय, बाई?”

हा रेमी. शाळेचं छप्पर दुरुस्त करायला आलेला सुतार. दंड म्हणून त्यानं ते लाकूड एफीच्या घरी पोचवलं आणि मग रोज संध्याकाळी येऊ लागला. लाकडाला टांगायच्या शिंपल्यांना तो बारीक भोकं पाडी, एफी दोऱ्यात ओवी.

“जपून... फुटेल.”

“तू अशी टक लावून बघतेस, म्हणून हात थरथरतो.”

“मग नाही बघत.”

“तसं नव्हतं म्हणायचं...”

एफीची आई विणकामात डोकं घालून हसे.

ऑक्टोबरात छप्पर झालं. “उद्या निघतो,” रेमी म्हणाला. एफीनं पुढच्या शिंपल्यासाठी हात घातला – टोपली रिकामी होती. परक्या गावच्या माणसानं कोणत्या तोंडानं मागणी घालावी? आणि तिनं तरी आपणहून...

सकाळी टपालाची गाडी आली. रेमीची हत्यारांची पेटी रस्त्याकडेला होती. एफी थेट किनाऱ्यावरून आली, ओल्या बुटांनी, आणि सगळ्यांदेखत तिनं पेटीवर एक काळा दगड ठेवला.

ड्रायव्हर पेटी उचलायला वाकला, तशी टपालवाली मार्सली कडाडली, “हात लावू नकोस मेल्या! दगड दिसत नाही?”

रेमीचे कान लाल झाले. “नुसती पेटीच हवीय?”

“माणूस जड आहे,” एफी म्हणाली. “चालत आला तर बरं.”

गाडी रिकामीच गेली.

मार्सलीनं ती गोष्ट मरेपर्यंत प्रत्येक पत्राबरोबर वाटली. आईनं दोन नातवंडं खेळवली. रेमीला देवाघरी जाऊन आता सहा वर्षं झाली. खिडकीतले शिंपले वाऱ्यावर अजून किणकिणतात. एफी रोज पेटी पुसते... दगडाच्या कडेकडेनं. तो तिनं कधीच उचलला नाही.