वहिनीचा पेपर

"आई असती ना, तर अशा वेळी मला टाकून गेली नसती. आणि शिकून तू करणार काय? तू तर आधीच नापास..."

एवढं बोलून ठमीने फोन ठेवला, आणि वसतिगृहाच्या त्या चिंचोळ्या खोलीत वहिनीने मुका फोन उशीवर टाकला. मग तिने पलंगाखालची बॅग ओढली, टेबलावरच्या अर्थशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांवरून एकदा हात फिरवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

ठमी तिची नणंद. पण हे झालं नात्याचं नाव. सासूबाई गेल्या तेव्हा ठमी होती सहा वर्षांची, आणि वहिनी तर नवी नवरी. त्याच सुमारास तिला याच विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, तोही शिष्यवृत्तीसकट. पण तिचं बोट मुठीत धरल्याशिवाय न झोपणारं ते पोरकं लेकरू... त्याला सोडून जायला तिचं काळीज तयार होईना. तिने नकार कळवला आणि घरात हसत सांगितलं, "मार्क कमी पडले हो माझे." खरं काय ते एकट्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि त्याला तिने शपथ घातली होती. ठमी मोठी झाली, भांडणात 'नापास' म्हणून चिडवू लागली. वहिनी हसण्यावारी न्यायची... पण आत काय खुपायचं, ते तिचं तिलाच माहीत.

ठमीचं लग्न झालं तसा नवराच मागे लागला, "आता तरी अर्ज कर." आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी वहिनी शिष्यवृत्ती मिळवून परगावी पुन्हा विद्यार्थिनी झाली. पहिल्या दिवशी तिला प्राध्यापक समजून सगळा वर्ग चिडीचूप झाला. ती मागच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा खसखस पिकली. गणिताने तर तोंडचं पाणीच पळवलं. महागाई तिने बाजारात पाहिली होती, समीकरणात कधी पाहिली नव्हती. पण हळूहळू डोक्यात उजेड पडू लागला, मुलं तिच्या शेजारची जागा धरू लागली, आणि किती वर्षांनी तिचं मन पिसासारखं हलकं झालं...

आणि आता वार्षिक परीक्षा आणि ठमीचं पहिलं बाळंतपण एकाच आठवड्यात. डॉक्टरांनी ठमीला झोपून राहायला सांगितलं होतं. ती माहेरी आली होती, आणि पुरती घाबरली होती.

सकाळी वहिनी विभागप्रमुख बाईंकडे गेली. "परीक्षा चुकली तर शिष्यवृत्ती जाईल," त्या हळुवारपणे म्हणाल्या.

"जाऊ दे. एकदा सोडलंय मी. सवय आहे."

खोलीवर येऊन ती उरलेलं सामान भरते आहे तोच फोन वाजला. पडद्यावर ठमीचा रडून सुजलेला चेहरा, आणि तिच्यामागे हातात झारा घेऊन चोरासारखा उभा वहिनीचा नवरा.

"वहिनी, तुझे मार्क कमी पडले नव्हते?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. "शपथ घातली होती ना तुम्हाला?"

"इतकी वर्षं पाळली की," तो म्हणाला. "काल हिने पुन्हा नापास म्हटलं, मला राहवलं नाही."

"माझ्यासाठी सोडलंस... आणि मी तुला..." ठमी पुन्हा रडू लागली.

"रडू नकोस गं. आत ते बाळ घाबरेल."

"बॅग भरलीस?"

"हो. उद्या निघते."

"रिकामी कर. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत."

"अगं, पण तुझ्याजवळ कोण?"

"दादा आहे, नवरा आहे. दोघं मिळून एका माणसाएवढं काम करतीलच कधीतरी. पण पेपर सोडून आलीस तर मी दार उघडणार नाही."

वहिनी एकेक कपडा बाहेर काढू लागली. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, आणि पलीकडून ठमी नाक ओढत हुकूम सोडत होती, "तळाशी निळं काय दिसतंय? तेही काढ."

शेवटचा पेपर देऊन ती बाहेर आली तर फोनवर नवऱ्याच्या मिस्ड कॉल्सचा ढीग. ती तिथेच पायरीवर बसली आणि तिने फोन लावला.

समोर ठमी... थकलेली, हसरी, आणि तिच्या कुशीत एक लालबुंद, इवलासा चेहरा.

"बघ गं बाळे," ठमी लेकीच्या कानाशी लागून म्हणाली, "ही तुझी आजी. परीक्षा देऊन आलीय."

"आजी कसली? मामी लागते मी तिची."

"लागतेस मामी," ठमी म्हणाली. "पण आहेस आजीच."

वहिनीने तोंडावर हात धरला, तरी हुंदका फुटलाच. तेवढ्यात वर्गातला एक मुलगा बाहेर आला, तिला रडताना बघून शेजारी टेकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं मनाला लावून घेऊ नका. तिसरा प्रश्न कुणालाच आला नाही."

"मला आला," वहिनी डोळे पुसत म्हणाली, आणि तिने हसत हसत फोन त्याच्यापुढे धरला.